पीक उभं हाय!

आमच्या घरमालकांच्या पायात एका जोडाच्या वहाणा मी कधी पाहिल्या नाहीत. उजवी करकरीत नवी, तर डावीची टाच झिजलेली. नाहीतर डावी नवी आणि उजवीचा अंगठा सुतळीने शिवलेला. मी मास्तरीण म्हणून त्या गावी ट्रंक घेऊन उतरले तेव्हा माझी नजर आधी तिकडेच गेली. देवळाबाहेर अदलाबदल होते तशी झाली असेल, असं वाटून मी आपली शहाणपणाने म्हणाले, "तुमची एक वहाण दुसऱ्या कुणाची आलीय वाटतं."

"न्हाई बाई, दोनी माज्याच. एक औंदाची, एक गेल्या सालची. दोनी नव्या एकदम घातल्या तर दोनी एकदमच झिजत्यात. मंग मानसानं अनवानी हिंडायचं व्हय? एक गेली तर दुसरी हाय. पेरनीचं बी तसंच."

अगं बाई, म्हटलं, कुठे येऊन पडले मी!

ही पन्नास-पंचावन्नच्या सुमाराची गोष्ट. पिंपरीकडच्या माळावर कारखाने उठायला नुकती सुरुवात झाली होती, पण चाकणच्या वाटेवरचं आमचं खेडं अजून बाजरीतच होतं. घरमालकांचं नाव मी सांगत नाही, कारण त्यांच्या घरातली माणसं भांडायला भारी खमकी. गाव त्यांना थोरले म्हणायचं आणि त्यांच्या भावाला धाकटे. तेवढ्यावर आपलंही भागेल.

"पेरनीचं बी तसंच" हे थोरल्यांचं पालुपद. बोलणं वहाणांचं असो की लग्नाचं, ते शेवटी तिथेच यायचे. शेत सगळं पावसाच्या भरवशावर, ना विहीर ना पाट. म्हणून चार काकऱ्या बाजरीच्या, मग एक तुरीची, पुन्हा चार बाजरीच्या. बाजरीच्या बियाण्यातच थोडी मटकी मिसळायची, ती खाली जमीन धरून पसरायची. कडेने अंबाडी, कोपऱ्यात हुलगे. पाऊस मध्येच पळाला तर बाजरी पोचट निघे, पण तूर तग धरायची. पाऊस फार झाला तर आणखी काहीतरी हाताला लागायचं. यात नवल काही नव्हतं. सगळं गाव कमीजास्त असंच पेरत होतं. फरक एवढाच की गाव शेतात पेरत होतं आणि हे गृहस्थ जातील तिथे पेरत होते.

पावसात निघाले की डोक्यावर घोंगडी आणि घोंगडीवर छत्री. ताप आला की वैद्याचा काढा सकाळी आणि डॉक्टरच्या गोळ्या संध्याकाळी. कोणी विचारलं की म्हणायचे, "एक न्हाई लागू पडलं तर दुसरं पडंल." दोन्ही लागू पडून एकदा त्यांना चांगलीच भोवळ आली, तर पडल्या पडल्या म्हणतात, "पीक जोमात आलंया."

लग्नाच्या पंगतीत पानं मांडली की लोकांना बसवायचं काम थोरले कोणी न सांगता अंगावर घ्यायचे. बोलणारा एक, मग जेवणारे चार, पुन्हा बोलणारा एक. सगळे बोलणारे एका जागी बसले तर भांडण होतं आणि सगळे जेवणारे एका जागी बसले तर बुंदी तिथेच संपते, असं त्यांचं म्हणणं. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाच्या मामांना गावातल्या सगळ्यात बोलघेवड्या म्हाताऱ्याशेजारी बसवलं. मामा पडले मन लावून जेवणारे. म्हाताऱ्याने दर घासाला त्यांचा दंड धरून बैल हरवल्याची गोष्ट सांगितली. मामा अर्धपोटी उठले आणि रुसून बसले ते वरात निघेपर्यंत.

माझ्या शाळेतही ते एकदा पेरणी करून गेले. दारात उभे राहून वर्ग न्याहाळला आणि म्हणाले, "बाई, तुमी समदी हुशार पोरं म्होरं बसवलीत. चुकलं. चार मठ्ठ, मंग एक हुशार, असं लावा. हुशाराची सावली मठ्ठाला लागंल." मी तेव्हा नवखी होते, शिवाय मला उत्साह फार. लावला तसा वर्ग. दिवाळीपर्यंत मठ्ठ होते ते मठ्ठच राहिले आणि हुशार पोरं तोंडात बोटं घालून शिट्टी वाजवायला शिकली. मी रागाने जाऊन त्यांना सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं.

"मटकी कमी पडली," म्हणाले.

"अहो, वर्गात मटकी म्हणजे काय?"

"आता त्ये तुमी बघा. शाळा तुमची हाय."

मी अशी काही चिडले होते! पण त्यांच्यावर फार वेळ रागावता यायचं नाही. चिडलेल्या माणसासमोर ते भाजलेले हुलगे ठेवायचे आणि स्वतःही खायला बसायचे. हुलगे चावताना भांडता येत नाही, ही गोष्ट त्यांना चांगली ठाऊक होती.

आता त्या दोन भावांचं सांगते. दोघे एकाच घरात राहायचे आणि एकमेकांशी अक्षर बोलायचे नाहीत. अबोल्याचं कारणही पेरणीच. धाकटे देहूरोडला लष्कराच्या डेपोत कामाला होते. खाकी कपडे, सायकल, हातात घड्याळ. तिथल्या रांगा, शिस्त बघून त्यांना वाटायला लागलं की शेतही तसंच असावं. एक शेत, एक पीक, सलग बाजरी. एका वर्षी पेरणीला थोरले दुपारच्या भाकरीला घरी गेले होते. तेवढ्यात धाकट्यांनी तुरीचं बी बांधावर ठेवलं आणि अर्ध्या शेतात नुसती बाजरी पेरून टाकली. थोरले परत आले. बघितलं. त्यांनी पेरायची पाभर पुन्हा त्याच रानात घातली आणि सगळ्या अर्ध्या शेतात काकरीला काकरी लावून तूर पेरली. धाकटे भडकले. त्यांनी दुसऱ्या दिवशी रजा काढून त्यावर परत बाजरी पेरली. त्या साली तिथे जे उगवलं त्यात तण काढायचं कोळपं शिरेना की माणूस शिरेना. गाव बघायला यायचं म्हणे. तेव्हापासून बोलणं बंद झालं ते झालंच.

बोलणं बंद, पण काम बंद करून कसं चालेल? एकाने पाभर हाकायची, दुसऱ्याने बैलांपुढे चालायचं, आणि चाड्यावर मूठ थोरल्या वैनींची, म्हणजे बी सोडण्याचं काम त्यांच्याकडे. मग दोघे भाऊ बैलाशी बोलत. "चांद्या, त्येला सांग, डावीकडं घे म्हनावं." "चांद्या, त्येला म्हनावं, मला डोळं हायती." बिचारा चांद्या बैल दोघांच्या मध्ये कान हलवत चालायचा. घरात चांद्या नसे, म्हणून तिथे मी होते. घराचे दोन भाग झाले होते आणि मधली खोली कोणाची यावर वाद होता. थोरल्यांनी त्या खोलीत मला भाडेकरू म्हणून ठेवलं. सकाळची भाकरी धाकट्या जावेकडची, संध्याकाळची थोरलीकडची. दोन्हीकडचे निरोप माझ्या ताटावरूनच जायचे. "बाई, त्यानला सांगा, खुराड्याचं दार लावत जा." "बाई, त्येला सांगा, कोंबड्या त्याच्याच हायती." मला घास गिळू द्यायचे नाहीत मेले!

भांड्यांची वाटणी झाली, जनावरांची झाली, राहिलं होतं शेत. धाकट्यांचं मागणं साधं होतं: शेताच्या मधून बांध घाला आणि माझं अर्धं मला द्या. वाटणीचा बांध घालायचा तर पंचांसमोर, पेरणीच्या आधी, आखितीला. अक्षय्य तृतीयेला गाव आखिती म्हणायचं. आणि गावाची जुनी रीत अशी की बांध घालायचा तो मोकळ्या रानात. उभ्या पिकातून बांध घालायचा नाही. ते अपशकुनी मानत.

आखितीच्या उन्हात कुठलं आलंय पीक, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. मी गावात आल्यावरच्या पहिल्या आखितीला पंच दोर आणि खुंट्या घेऊन शेतात गेले. गावचे पाटील पुढे, मागे धाकटे, त्यांच्यामागे अर्धं गाव आणि गावामागे मी. रान सगळं भेगाळलेलं. तूर पौषातच काढून झाली होती. पण शेताच्या बरोबर मधोमध, जिथून बांध जायचा तिथेच, तुरीची काही झुडपं उभी होती. हिरवीगार, वर पिवळी फुलं.

थोरले आडवे आले. एक वहाण नवी, एक जुनी. "पाटील, बांध न्हाई घालता यायचा. पीक उभं हाय."

"ह्ये पीक?" पाटलांनी दोर खाली टाकला. "आरं, शेळीची न्याहारी न्हाई व्हायची एवढ्यात!"

"किती झाडांचं पीक व्हतं, त्ये रीतीत सांगितलंय का?"

पाटील पंचांकडे बघायला लागले, पंच आभाळाकडे. रीतीत कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. एक पंच म्हणाला चार-दोन झाडांना पीक म्हणत नाहीत. दुसरा म्हणाला, त्याच्या सासऱ्याकडे एकच आंबा आहे आणि सासरा त्याला पीकच म्हणतो. ऊन तर मी म्हणत होतं. शेवटी पाटील म्हणाले, "म्होरल्या साली बघू. चला, घशाला कोरड पडली." धाकट्यांनी सायकलला लाथ मारली आणि मग स्वतःच पाय धरून बसले.

संध्याकाळी मी थोरल्यांना गाठलं. म्हटलं, पाऊस नाही, पाणी नाही, तूर हिरवी राहिली कशी? त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हलकेच खांद्यावरचा घट्टा दाखवला. कावडीचा. गावच्या आडावरून शेतापर्यंत हा माणूस फाल्गुनापासून रोज कावडीने पाणी वाहत होता, चार झुडपांसाठी!

"बांध पडला की भाऊ गेला, बाई," ते म्हणाले. "आज बैलाच्या तोंडानं का व्हईना, बोलतो तरी. त्याचं रान त्येच्याकडं गेल्यावर त्यो माज्या बैलाशी तरी कशाला बोलंल?" एवढं बोलून त्यांनी माझ्यासमोर हुलगे ठेवले. मी तर त्या दिवशी चिडलेलीही नव्हते.

पुढच्या वर्षी गोष्ट हातघाईवर आली. पिंपरीकडे बांधकामं जोरात निघाली, विटा पुरेनात. एक वीटभट्टीवाला माती हुडकत आमच्या गावापर्यंत आला आणि धाकट्यांच्या अर्ध्या रानावर त्याचा डोळा गेला. धाकट्यांनी सगळ्यांदेखत सांगून टाकलं की आखितीला बांध पडला की मी माझा भाग याला देणार आणि बिऱ्हाड देहूरोडला नेणार. भट्टीवाला म्हणाला, बांध पडू दे, दुसऱ्या दिवशी फावडी आणतो. म्हणजे अर्ध्या शेताचा खड्डाच होणार होता.

थोरल्यांनी त्या वर्षी तुरीची झुडपं मधोमध जास्तच राखली. आणि नेमके तेच पडले. आडाच्या ओल्या चौथऱ्यावर नवी वहाण धरली, जुनी सटकली, आणि कावडीसकट खाली. पाय मोडला. चाकणच्या डॉक्टरांनी नडगीला प्लास्टर घातलं. यांनी घरी येताच हाडवैद्याला बोलावलं आणि वरून मांडीला बांबूच्या कांब्या आणि लेप लावून घेतला. डॉक्टर बघायला आले तेव्हा संतापाने लाल झाले. थोरले त्यांना म्हणतात, "तुमी खालचं बघा, त्यो वरचं बघतुया. तुमच्या रानात त्यो येत न्हाई."

पण डॉक्टर गेले आणि थोरल्यांचा चेहरा पार उतरला. मला जवळ बोलावलं. "बाई, आखिती जवळ आली. तूर वाळंल. हिला पाठवलं तर गाव बघंल. तुमी सकाळी फिराय जाता न्हवं? एक कळशी नेशीला?"

आता मी पुण्याची. कळशी कमरेवर घेऊन चालायची सवय असती तर मास्तरीण कशाला झाले असते? पहिल्या दिवशी निम्मं पाणी माझ्या लुगड्याने प्यालं, उरलेलं दोन झुडपांना मिळालं. बाकीच्यांनी माना टाकलेल्या. मला अगदी रडू आलं. दुसऱ्या दिवशी मी उजाडता उजाडता गेले, तर काय! सगळ्या झुडपांखालची माती ओली. म्हटलं, थोरल्या वैनी येऊन गेल्या असतील. तिसऱ्या दिवशी आणखी लवकर निघाले आणि लांबूनच आवाज ऐकू आला. कोणीतरी शिव्या देत होतं.

"पी मेले, पी! ढोस! जल्मात माझ्या भल्याचं केलं न्हाईस. पी, आन् मर!"

धाकटे. अंगात खाकी कपडे, सायकल रानात आडवी-तिडवी ढकलत आणलेली, हँडलला दोन्ही बाजूंनी रॉकेलचे डबे अडकवलेले. एका झुडपाला पाणी, वर एक शिवी. मग पुढचं झुडूप, पुढची शिवी. डेपोची वेळ गाठायची म्हणून घड्याळ बघत होते. मला बघितलं आणि डबा हातातच राहिला.

"अहो," मी म्हणाले, "ही तूर जगली तर तुमचा बांध अडेल!"

"म्हाईत हाय मला."

"मग बांध नकोय का तुम्हाला?"

"नको कसा? पायजेच! घालनारच मी बांध!" ते माझ्यावरच ओरडले. "पर त्यो उभा असताना. त्यो वहाना घालून आडवा येनार, मी भांडनार, मंग बांध घालनार. पडलेल्या मानसाच्या उरावर बांध घालू व्हय? लोक काय म्हनतील? मला तरी काय वाटंल?" मग आवाज उतरवून म्हणाले, "बाई, त्येला सांगू नगा. शपथ हाय तुमाला. तुमीच पानी घालता म्हनून सांगा."

सांगितलं तसं. थोरले खुश झाले. जो येईल त्याला म्हणायचे, "मास्तरीनबाईंच्या हाताला गुन हाय." मी मान खाली घालून धाकटीकडची भाकरी खात होते आणि धाकटे पलीकडे बसून मला डोळ्यांनी दटावत होते.

आखिती उजाडली. थोरल्यांनी हट्टच धरला. चौघांनी त्यांना बाजेवर घालून शेतात नेलं आणि झुडपांजवळ बाज ठेवली. पाटील आले, दोर आला, खुंट्या आल्या. भट्टीवाला छत्री घेऊन कडेला उभा राहिला. तूर अशी तरारली होती की पाटलांनी या वेळी शेळीचं नाव काढलं नाही.

"पीक उभं हाय," थोरले बाजेवरून म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. ते धाकट्यांकडे बघत होते. आता हा ओरडणार, झाडं उपटा म्हणणार, याची त्यांनी तयारी ठेवलेली दिसत होती.

पाटलांनी धाकट्यांना विचारलं, "तुजं काय म्हननं?"

धाकटे कडाडले, "माजं म्हननं बांध घाला! पर ह्या पंचांचं डोळं फुटलं काय? पीक उभं हाय, दिसत न्हाई? रीत हाय का न्हाई गावाला?"

भट्टीवाल्याने छत्री मिटली. थोरल्यांनी मात्र काही ऐकलं की नाही कोण जाणे, कारण ते बाजेवरून वाकून खाली मातीकडे बघत होते. ओल्या मातीत सायकलच्या चाकांच्या रेघा होत्या, एकीवर एक, प्रत्येक झुडपाभोवती.

"बाई," त्यांनी मला विचारलं, "तुमाला सायकल येती का वो?"

"नाही," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यांनी मान वर केली. चांद्या तिथे नव्हता. मी होते, पण माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. भावाकडे बघून, इतक्या वर्षांनी, सरळ त्याला म्हणाले, "एका झाडाला डबाभर लई व्हतं. मुळं कुजत्यात. अर्धा घालत जा."

धाकटे लालबुंद झाले. "मंग सांगायचं व्हतं की तवा!"

"कुनाला सांगू? तू बोलत व्हतास व्हय?"

"तू तरी बोलत व्हतास? आन् ती नुसती बाजरी पेरली तवा तू तूर का घातलीस वर?"

"तू माझी तूर बांधावर का ठिवलीस?"

आणि जुंपली. अशी जुंपली की विचारू नका. त्या पेरणीपासूनचं सगळं निघालं. खुराडं निघालं, कोंबड्या निघाल्या, मधली खोली निघाली. पाटलांनी गुपचूप दोर गुंडाळला. भट्टीवाला माझ्याजवळ येऊन म्हणाला, "बाई, हे कधी थांबंल? मला परत जायचंय."

"तुम्ही जा," मी म्हणाले. "हे आता थांबायचं नाही." आणि मला एकाएकी इतकं हसू आणि रडू आलं की पदर तोंडावर धरावा लागला.

ऊन डोक्यावर आलं तशी बाज उचलायची वेळ झाली. चौघांपैकी एक जण पाणी प्यायला गेला होता. धाकटे तोंडाने भांडतच पुढे झाले आणि बाजेच्या मोकळ्या कोपऱ्याखाली त्यांनी खांदा घातला. थोरले वरून हात नाचवत उत्तरं देत होते. बाज भांडत भांडत घराकडे निघाली. थोरल्यांच्या चांगल्या पायातली वहाण वाटेत गळून पडली ती मी उचलून घेतली आणि त्यांच्या मागून चालायला लागले. कधी नव्हे ते त्या घरात मला कुणाचा निरोप पोचवायचा नव्हता.